कारणाचा रकाना

मुली आपल्याला पाठीमागे खिडकीताई म्हणतात हे त्यांना फार वर्षांपासून माहीत होतं. माहीत आहे हे मात्र त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मुलींच्या कॉलेजातली तीन नंबरची खिडकी म्हणजे प्रवेश आणि फी माफी. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला एकतीस वर्षं बसलेल्या बाईला मुली दुसरं म्हणणार तरी काय? चेहरासुद्धा धड दिसायचा नाही. काचेच्या खाली अर्धगोल भोक, त्यातून दोन हात दिसायचे, वाकलं तर चष्मा दिसायचा आणि आतून "पुढची" असा आवाज यायचा. एवढ्या ओळखीवर मुली शिकून गेल्या, लग्नं करून मोकळ्या झाल्या, आपल्या मुलींना घेऊन परत आल्या. पण खिडकीताईंना पाय आहेत की नाहीत हे कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं.

पाय होते. आणि ते दुखत होते. निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि ते चार महिने कसे काढायचे हा प्रश्न त्या रोज सकाळी पायांनाच विचारायच्या.

त्या दिवशी सकाळी आई पलंगावर बसून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. आईचं वय ऐंशीच्या पुढे. पंधरवड्यापूर्वी डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि म्हातारीला अनेक वर्षांनी स्पष्ट दिसायला लागलं होतं.

"बाई गं," आई म्हणाली, "तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तुला दिसत नव्हतं तेव्हा."

"केस रंगव की जरा."

"कुणासाठी? काचेसाठी?"

"आज लवकर ये. डोळ्यात थेंब घालायचे आहेत."

"आज सभा आहे, आई. मोठ्या बाईंना ठेवायचं की काढायचं, ते आज ठरणार."

"मग त्यात तुझं काय? तुला कोण विचारतंय?"

"कुणी नाही. मी इतिवृत्त लिहिणार. कोण काय म्हणालं ते."

"तुझा सगळा जन्म दुसरे काय म्हणाले ते लिहिण्यात गेला," आई म्हणाली आणि भिंतीकडे वळून तिथले डाग मोजायला लागली. तेही तिला नव्यानेच दिसत होते.

 खोटं थोडंच होतं ते? ताईंनी पिशवीत डबा टाकला, डोळ्यांच्या थेंबांची बाटली आईच्या उशाशी ठेवली आणि निघाल्या.  या सगळ्या भानगडीचं मूळ कुठे आहे हे साऱ्या कॉलेजात फक्त दोन बायकांना माहीत होतं, आणि त्यातल्या एक त्या स्वतः होत्या.

ते मूळ सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

फी माफीच्या अर्जात एक रकाना असतो. 'माफी मागण्याचे कारण, सविस्तर.' नाव, पत्ता, गुण, घरचं उत्पन्न, सगळं लिहून झालं की शेवटी हा. चार ओळींची जागा. बऱ्याच मुली तो मजेत भरतात. वडील आजारी, भावंडं पाच, घराला आग लागली होती. जे घडलं ते लिहितात, जे नाही घडलं तेही लिहितात. पण दरवर्षी दहाबारा मुली अशा येतात की त्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबतं. गरज नसते म्हणून नाही. कारण असं असतं की ते कागदावर उतरवलं तर तोच कागद दहा हातांतून फिरून संध्याकाळपर्यंत घरी पोहोचेल. हे अर्ज संस्थेच्या ऑफिसात जातात, तिथे गावभरच्या ओळखी असतात, आणि कुणाची मुलगी काय म्हणाली हे सांगायला लोकांना कधी कंटाळा येत नाही.

खिडकीताईंना हा रकाना चांगला माहीत होता. सतराव्या वर्षी त्याच कॉलेजात, त्याच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला त्या स्वतः उभ्या होत्या. वडील दुसऱ्या बाईबरोबर निघून गेले होते आणि आई सगळ्यांना सांगत होती की ते कामानिमित्त परगावी आहेत. आता कारणात काय लिहायचं? खरं लिहिलं तर आईची अब्रू जाते, परगावी लिहिलं तर मग पगार कुठे आहे असं विचारतात. त्यांनी रकाना कोरा सोडला. आठ दिवसांनी अर्ज परत आला. वर लाल शाईत एकच शब्द, 'अपूर्ण'. झालं शिक्षण. काही वर्षं इकडेतिकडे कामं केली आणि मग त्याच ऑफिसात प्रवेशाच्या हंगामापुरती तात्पुरती जागा निघाली, तिथे त्या चिकटल्या त्या चिकटल्याच. त्या लाल शब्दाचा राग त्यांना आजही होता. आता राग करायचाही कंटाळा आला होता, तरी होता.

मोठ्या बाई, म्हणजे प्राचार्य, बावीस वर्षांपूर्वी आल्या. पहिल्याच वर्षी एका मुलीने कोरा रकाना ठेवला. ताईंनी तिला हळूच विचारलं, मुलीने भोकाशी तोंड नेऊन दोन वाक्यं सांगितली. ताई तो अर्ज हातात घेऊन थेट मोठ्या बाईंच्या टेबलाशी गेल्या.

"हिला समितीपुढे बोलावू नका. काही विचारू नका. माफी द्या."

"कारण?"

"मला माहीत आहे. सांगणार नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, ताईंकडे बघितलं, चष्मा परत घातला आणि सही केली. मग म्हणाल्या, "दर वेळी अशा धावत येऊ नका, लोक विचारतील काय झालं. कोपरा दुमडत जा. मी समजेन."

बस, एवढाच करार. त्या दिवसापासून अर्जाचा कोपरा दुमडलेला असला की त्याचा अर्थ एकच: हिला मी विचारलं आहे, तुम्ही विचारू नका. बावीस वर्षांत ताईंनी उगाच कुणाचा कोपरा दुमडला नाही. ओळखीच्या बायका यायच्या, भेटवस्तू घेऊन यायच्या, ताई ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. तरी दोनदा फसल्या. एक मुलगी इतकं छान रडली की ताईंनी तिच्या अर्जाचे दोन कोपरे दुमडले असते, आणि नंतर कळलं की बापाची दोन दुकानं आहेत. ताई महिनाभर स्वतःवर चिडल्या होत्या. पण त्या दोन बदमाश पोरींसाठी बाकीच्यांना कशाला दारातून परत पाठवायचं?

आणि मग या वर्षी ऑफिसात स्कॅनर आला.

स्कॅनरबरोबर एक नवीन क्लार्कही आली. मन लावून काम करणारी, टेबलावर टाचणीसुद्धा वाकडी ठेवायची नाही. दोन दिवसांत ऑफिसाने तिचं नाव टापटीप पाडलं. ताई आईच्या ऑपरेशनसाठी तीन दिवस रजेवर गेल्या आणि जाताना फी माफीचे अर्ज टापटीपच्या ताब्यात दिले. परत आल्या तर ती हसतमुखाने म्हणाली, "ताई, तुमचे अर्ज किती मुडपलेले होते हो! मशीनमध्ये अडकत होते. मी एकूण एक कोपरा सरळ केला. दोन दिवस जाड रजिस्टरांखाली दाबून ठेवले. आता बघा, नव्यासारखे झालेत!"

 ताई ओरडणार तरी कुणावर? त्या पोरीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. गुपित पोटात ठेवायचं म्हणजे ते शेजारच्या टेबलालाही सांगायचं नाही, हा नियम ताईंनी स्वतःच घातलेला.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. सपाट कोपऱ्यांचे अकरा कोरे अर्ज मोठ्या बाईंच्या पुढे गेले. कोपरे दुमडलेले नाहीत म्हणजे ताईंनी विचारलेलं नाही, असं समजून त्यांनी अकराच्या अकरा अर्जांवर 'कारण नमूद करावे' लिहिलं आणि गठ्ठा संस्थेच्या ऑफिसात गेला. तिथे कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. या वर्षी कोऱ्या अर्जांवर हरकत घेतली, मग मागच्या वर्षांचं काय? पाच वर्षांचे गठ्ठे सोडले. कोऱ्या रकान्यांचे, तरी माफी दिलेले अठ्ठावन्न अर्ज निघाले. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात एकच शब्द फिरायला लागला: मर्जीतल्या मुली.

मोठ्या बाईंची मुदत तशीही संपत आली होती. आता त्यांना आणखी तीन वर्षं द्यायची की नवीन माणूस आणायचा, यावर सभा बोलावली गेली. ते अकरा अर्ज संस्थेच्या अध्यक्षांनी सभा होईपर्यंत थांबवून ठेवले. आणि माफीच्या जागांचा शेवटचा दिवस नेमका सभेचाच. संध्याकाळी पाचला खिडकी बंद, की त्या अकरा जागा प्रतीक्षा यादीतल्या पैसे भरणाऱ्या मुलींना.

ताई कॉलेजात पोहोचल्या तेव्हा खिडकीसमोरच्या बाकावर एक मुलगी बसलेली होती. अकरापैकी एक. उंच, हडकुळी, मांडीवर एक फुगलेली बॅग. नुसती अर्जासाठी आलेली मुलगी एवढी मोठी बॅग घेऊन येत नाही. महिन्यापूर्वी ती खिडकीशी आली होती आणि ताईंनी विचारल्यावर तिने भोकातून जे सांगितलं, ते इथे लिहायचं नाही. ताईंनी लिहिलं नाही, मग आपण कोण लिहिणारे? एवढंच सांगतो की जागा मिळाली नाही तर तिला घरी परत जावं लागणार होतं, आणि घर हेच तिचं कारण होतं.

"ताई, आज होईल ना?"

"बस इथेच," ताई म्हणाल्या. "पाणी त्या कोपऱ्यात आहे."

होईल म्हणायला जीभ वळली नाही. नाही म्हणायलाही वळली नाही.

सभा दीडला सुरू झाली. लांबलचक टेबल, नऊ सभासद, टोकाला अध्यक्ष, बाजूच्या खुर्चीवर मोठ्या बाई. भिंतीलगतच्या छोट्या टेबलावर इतिवृत्ताची वही घेऊन खिडकीताई. मागे प्राध्यापिका आणि काही माजी विद्यार्थिनी उभ्या. पंखा होता, तो फक्त अध्यक्षांपुरता फिरायचा.

नवीन उमेदवार होते कोटवाले सर. त्या उकाड्यातही कोट घालून आलेले, म्हणून ताईंनी मनात त्यांचं नाव पाडलं. त्यांनी दोन संस्था नावारूपाला आणल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. ते मुद्द्याचं बोलले. आठ वर्षांत मुली सहाशेवरून चारशेवर आल्या आहेत. प्रयोगशाळेचं छत गळतं. वसतिगृहात तीसजणींना मिळून दोन नळ आहेत. शिकून बाहेर पडलेल्या मुली पुढे काय करतात याची कुठे नोंद नाही. सगळं खरं. ताई लिहिता लिहिता मनात म्हणाल्या, नळाबद्दल मी सहा वर्षं ओरडते आहे बाबा, तू कुठे होतास?

एक वयस्क प्राध्यापिका उठून म्हणाली की मुलींच्या कॉलेजाच्या डोक्यावर बाईच हवी, मुलींना पुरुषाच्या खोलीत जाऊन मनातलं सांगता येत नाही. मागून कुणीतरी म्हणालं, मग आजवर सांगून तरी काय झालं? कुणी म्हणालं बाई हवी, पण हीच कशाला? कुणी म्हणालं बाई-पुरुष सोडा, छत आधी. मोठ्या बाईंनी खुर्चीखाली चपला काढून ठेवल्या होत्या. त्यांचेही पाय सुजलेले असायचे, हे ताईंना माहीत होतं.

मग वकीलबाई उभ्या राहिल्या. सभासदांत सगळ्यांत तरुण, याच कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी, आता कोर्टात नाव काढलेलं. बोलायला लागल्या की समोरच्याला घाम फुटायचा.

"छताचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "मला एकच प्रश्न आहे. अठ्ठावन्न मुलींना कारणाशिवाय माफी दिली. कशाच्या आधारावर?"

"माझ्या जबाबदारीवर," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आधार विचारते आहे, जबाबदारी नाही."

"तो मी सांगू शकत नाही."

सभागृहात कुजबुज झाली. ताईंची लेखणी थांबली. मोठ्या बाईंनी एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर लोकांनी त्या नजरेचा माग काढला असता. ताईंना वाटलं, उठावं आणि सांगून टाकावं. पण मग पुढचा प्रश्न ठरलेला होता: सांगा तर, कोणत्या मुलीचं काय कारण? त्यांनी नुसतं वहीत लिहिलं, 'प्राचार्यांनी आधार सांगण्यास नकार दिला.' हे वाक्य लिहिताना त्यांना स्वतःची एवढी लाज वाटली की अक्षर बिघडलं.

"आमच्या वेळी असं नव्हतं," वकीलबाई तापून म्हणाल्या. "माफी गुणांवर मिळायची. मला मिळाली. मी कुणाच्या मर्जीतली नव्हते, कुणाच्या पाया पडले नव्हते. अभ्यास केला होता. ज्यांना बघायचं असेल त्यांनी बघावं. माझ्या वर्षाचा गठ्ठा आणा, एकोणीस वर्षांपूर्वीचा. आणि मग सांगा तेव्हा आणि आता काय फरक पडला."

"आणा," अध्यक्ष ताईंना म्हणाले.

ताई उठल्या. रेकॉर्डची खोली जिन्याखाली. एकोणीस वर्षांपूर्वीचा गठ्ठा मधल्या फळीवर होता. त्यांनी गाठ सोडली, आणि जे त्यांना चालता चालताच आठवलं होतं ते समोर आलं. वकीलबाईंचा अर्ज. सतरा वर्षांच्या मुलीचं गोल अक्षर. गुण चांगले होते, हो, पण गुणांवर माफी त्या कॉलेजात कधीच नव्हती. कारणाचा रकाना कोरा. खाली डावीकडे कोपरा दुमडलेला, आणि एवढ्या वर्षांत त्याची घडी इतकी पक्की झालेली की कोपरा तुटून हातात येईल.

ताईंना ती मुलगी आठवली. तिने काहीच सांगितलं नव्हतं. ताईंनी दोन प्रश्न विचारले होते आणि दोन्ही वेळा तिने नुसती मान हलवली होती.

आता हा कागद टेबलावर जाणार. कोरा रकाना सगळे बघणार. बाईच्या तोंडावर, तिच्याच बोलण्याने. आणि मग सगळे विचारणार, वकीलबाई, तुमचं काय कारण होतं हो?

एकतीस वर्षांत ताईंनी ऑफिसातली टाचणी घरी नेली नव्हती. त्यांनी तो अर्ज काढला, चार घड्या घालून पर्समध्ये टाकला, गठ्ठ्याची गाठ परत बांधली आणि जिना चढल्या. 

वकीलबाईंनी गठ्ठा स्वतः उलगडला. एकदा चाळला. दोनदा चाळला.

"माझा अर्ज यात नाही."

"जुने कागद आहेत," ताई म्हणाल्या. "गहाळ झाला असेल."

"गहाळ?" अध्यक्ष म्हणाले. "रेकॉर्ड कुणाच्या ताब्यात असतं?"

"माझ्या."

"उद्या सकाळपर्यंत लेखी खुलासा द्या."

कोटवाले सर आवाज न चढवता म्हणाले, "रागवायचं नाही, पण मी हेच सांगतो आहे. व्यवस्था माणसांवर सोडली की असंच होतं."

टेबलाभोवतीच्या माना डोलल्या. ताईंच्या लक्षात आलं की आपण एका बाईची लाज राखायला गेलो आणि दुसऱ्या बाईच्या पायाखालची सतरंजी ओढली. मोठ्या बाईंनी आता पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. त्यांना कळलं होतं. त्या फक्त इतक्या दमलेल्या दिसल्या की ताईंना मान खाली घालावी लागली.

अध्यक्षांनी चहासाठी पंधरा मिनिटं दिली. ताई आपल्या जागेवर, तीन नंबरच्या खिडकीच्या आत येऊन बसल्या. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं. बाकावरची मुलगी त्यांच्याकडे बघत होती. ताईंनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

काचेवर टकटक झाली. बाहेरच्या बाजूला, जिथे मुली उभ्या राहतात तिथे, वकीलबाई वाकल्या होत्या. उंच टाचा असल्यामुळे त्यांना जरा जास्तच वाकावं लागत होतं.

"माझा अर्ज कुठे आहे?"

"गहाळ झाला म्हणाले ना."

"मी रोज खोटं बोलणारी माणसं बघते, ताई. तुम्हाला ते येत नाही."

 ताईंनी पर्स उघडली, चार घड्यांचा कागद काढला आणि भोकातून पुढे सरकवला.

"तुमचा आहे. ठेवा नाहीतर फाडून टाका. मी गहाळ लिहिणारच आहे."

वकीलबाईंनी कागद उलगडला. वाचत खाली आल्या. कोऱ्या रकान्यापाशी थांबल्या.  मग अंगठ्याने तो दुमडलेला कोपरा उघडून बघितला, आणि कोपरा खरंच तुटून त्यांच्या हातात आला.

"मला वाटत होतं गुणांमुळे मिळाली."

"गुण चांगले होते."

"तेव्हा आत तुम्हीच होतात?"

"दुसरं कोण असणार?"

"तुम्हाला आठवतं? माझं..."

"नाही," ताई म्हणाल्या. "मला कुणाचं काही आठवत नाही."

यावेळी खोटं बरं जमलं. वकीलबाई मागे वळल्या, आणि बाकावरच्या मुलीकडे, तिच्या मांडीवरच्या बॅगेकडे त्यांची नजर गेली. त्या सभागृहाकडे निघून गेल्या.

सभा परत बसल्यावर वकीलबाईंनी तो कागद अध्यक्षांपुढे ठेवला. तुटलेला कोपरा त्याच्या शेजारी ठेवला.

"हा माझा अर्ज. गहाळ नव्हता. कारणाचा रकाना कोरा आहे आणि मला पूर्ण माफी मिळाली आहे. म्हणजे तुमच्या हिशेबाने मीही मर्जीतली मुलगी. कारण होतं. ते मी तेव्हा लिहू शकले नाही, आणि आज चौदा वर्षं वकिली करूनसुद्धा या टेबलावर सांगणार नाही. कुणी विचारूही नये."

कुणी विचारलं नाही. त्या बाईला विचारायची कुणाची छाती होती?

अध्यक्षांनी कागद पुढे ओढला. "पण मग दिली कशावर? काहीतरी आधार..."

"कोपऱ्यावर," मागून आवाज आला.

खिडकीताई उभ्या होत्या. लेखणी हातातच होती. एवढ्या वर्षांत सभागृहाने त्यांचा आवाज कुणी विचारल्याशिवाय ऐकला नव्हता, त्यामुळे आधी लोकांना कळेच ना की बोललं कोण.

"कोपरा मी दुमडते," त्या म्हणाल्या. "मुलगी लिहू शकत नाही तेव्हा मी तिला खिडकीतून विचारते. पटलं तर कोपरा दुमडते. मोठ्या बाई सही करतात. त्यांना कारण माहीत नसतं, त्या कधी विचारत नाहीत. या वर्षी मी रजेवर होते आणि कोपरे सरळ झाले, म्हणून हे सगळं. अकराही जणींना मी विचारलेलं आहे."

"हे नियमात कुठे आहे?"

"नाहीच."

"मग त्या मुलींची कारणं निदान आता बंद पाकिटात..."

"नाही, साहेब. एक जरी सांगितलं, तरी पुढच्या वर्षी खिडकीशी एक पोर तोंड उघडणार नाही. मला काय मेमो द्यायचा तो द्या. दोन वेळा माझी फसवणूक झाली आहे, तेही लिहून घ्या. पण लाल शाईत अपूर्ण लिहून कितीजणींना घरी पाठवलं, त्याचाही आकडा कुणीतरी काढा ना एकदा!"

शेवटचं वाक्य जरा मोठ्याने आलं. त्या खाली बसल्या.  आणि मग आठवलं की इतिवृत्त आपणच लिहायचं आहे. त्यांनी वही ओढली आणि लिहिलं, 'यावर लिपिक म्हणाल्या की,' आणि आपलं बोलणं, शेवटच्या वाक्यासकट, जसंच्या तसं उतरवलं. एकतीस वर्षांच्या वह्यांत स्वतःचं म्हणून हे पहिलंच.

मग मतदान झालं. आता गोष्टीत शोभेल असं सांगायचं तर मोठ्या बाई जिंकल्या म्हणायला हवं. पण नाही जिंकल्या. पाच विरुद्ध चार. वकीलबाईंचा हात मोठ्या बाईंच्या बाजूने वर गेला, आणखी दोन-तीन अनपेक्षित हात गेले, पण छत गळत होतं ते गळतच होतं आणि मुली सहाशेच्या चारशे झालेल्याच होत्या. कोटवाले सर एक तारखेपासून सूत्रं हाती घेणार. फी माफीचे अर्ज यापुढे एका समितीकडे, आणि समितीवर वकीलबाई. अध्यक्षांनी सभा संपवली. चार वाजून चाळीस मिनिटं.

"एक मिनिट," मोठ्या बाई म्हणाल्या. "सर एक तारखेपासून ना?"

"हो."

"म्हणजे आज मीच आहे."

त्यांनी ते अकरा अर्ज अध्यक्षांच्या समोरून स्वतःच उचलले. अध्यक्षांनी हात पुढे केला, पण वकीलबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की तो हात पाण्याच्या ग्लासाकडे वळला. मोठ्या बाईंनी उभ्या उभ्या अकरा सह्या केल्या आणि गठ्ठा ताईंच्या हातात दिला.

"बरं झालं," त्या हळूच म्हणाल्या. "मलाही आता पाय वर करून बसायचं होतं."

ताईंना रडू येणार होतं, पण वेळ नव्हता. पाचला बारा मिनिटं होती. त्या खिडकीत आल्या, शिक्के काढले आणि "पुढची" म्हणाल्या.

बाकावरची मुलगी बॅगेसकट उभी राहिली. बाकीच्या दहाजणी आपापल्या गल्लीबोळांत वाट बघत होत्या. त्यांच्या पावत्या ताईंनी आधीच फाडून ठेवल्या, कुणाची जागा पाचच्या पुढे जायला नको म्हणून. मुलीने पावती घेतली, उलटून बघितली आणि विचारलं, "पण तो रकाना? अजून कोराच आहे. काही लिहू का?"

"काही लिहू नकोस. वसतिगृह मागच्या बाजूला. नळ दोनच आहेत, सकाळी लवकर उठत जा."

मुलगी गेली. पाच वाजले. ताईंनी खिडकीचं झाकण अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात काचेशी परत टकटक झाली. वकीलबाई परत वाकून उभ्या होत्या.

"खिडकी बंद झाली," ताई म्हणाल्या. "खुलासा उद्या देते म्हणाले ना."

"खुलाशाचं मी बघते. त्यासाठी नाही आले." वकीलबाईंच्या मुठीत तो तुटलेला कोपरा होता, अध्यक्षांच्या पुढून परत उचललेला. "तुम्ही चार महिन्यांनी जाणार. पुढच्या वर्षी इथे कोण बसणार?"

ताईंनी शेजारच्या टेबलाकडे बघितलं. टापटीप मान खाली घालून टाचण्या एका रेषेत लावत होती. सगळं ऐकत होती.

"ही बसणार. हात चांगला आहे हिचा. शिकेल."

"आणि तिकडे टेबलाशी मी असेन," वकीलबाई म्हणाल्या. मग जरा चाचरल्या. कोर्टात कधी चाचरल्या नसतील. "फक्त एक सांगा, हिलाही ऐकू जाऊ दे. कुठला कोपरा?"

"डावा," खिडकीताई म्हणाल्या. "खालचा."

आणि आईच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते म्हणून त्यांनी झाकण पूर्ण खाली ओढलं.